सातवं पान हिरवं

उमाबाईंची तक्रार एवढीच होती, की केदारनाथ बायकोचं ऐकत नाही आणि मशीनच्या शब्दाबाहेर जात नाही.

"कावून रं? मशीनसंगं लगीन लागलंय का तुजं?" ठाण गुंडाळता गुंडाळता त्यांनी लेकाला विचारलं.

सिरसाळ्यात त्यांच्या कापडदुकानाच्या माडीवर दोन वर्षांपासून कॉम्प्युटरचा क्लास होता. मालक केदारनाथ, शिकवायची त्याची बायको कावेरी. तिच्या वहीवरून मुलांसाठी पुस्तिका तयार झाली होती. अकराच्या गाडीनं तिची फ्लॉपी बीडला जायची होती, चाळीस रंगीत प्रती काढायला. आधी तिथूनच काढून आणलेली नमुन्याची रंगीत प्रत गल्ल्यावर पडली होती.

"आत्याबाई, आमी दोन भाषांतले प्रोग्राम शिकवतो," कावेरी म्हणाली. "मशीनला दिलेला हुकूम निळा, माणसानं वाचायची टीप हिरवी, असे रंग मशीनच भरतंय. भाषा कोणती, ते शब्दांवरनं ताडतंय. प्रोग्राम मोठा असला तर बराबर ताडतंय. चार वळींचा असला का फसतंय. म्हणून यांना म्हणलं, भाषेचं नाव आपुन निवडून देऊ."

"ते आपोआप वळखतंय," केदारनाथ फ्लॉपी खिशात घालत म्हणाला. "त्याच्यासाठीच तर बनवलंय."

उमाबाईंची शाळा दुसरीत सुटलेली. इंग्रजीचं अक्षर त्यांना ओळखू येत नसे; पण तीस वर्षं त्यांनी साडीला ब्लाउजपीस जुळवले होते. त्यांनी कावेरीची तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेली वही घेतली, नमुना घेतला आणि उंबऱ्यातल्या उजेडात दोन्ही शेजारी धरून पान पान लावून पाहू लागल्या. सहा पानं जुळली. सातव्यावर त्या थांबल्या. वहीत हिरवी ओळ एकच होती. छापील कागदावर मात्र एका वाकड्या कंसापासून दुसऱ्या कंसापर्यंत सगळं हिरवंगार.

"ह्यो जोड जुळत न्हाई."

कावेरीनं वाकून पाहिलं. "प्रोग्राम चार वळींचा, मशीननं दुसरीच भाषा धरली. तिच्यात ह्या कंसाच्या पोटात टीप असती. ह्या प्रोग्रामच्या भाषेत सगळे हुकूम तितंच हायत. पोरं टीप समजून सोडून देतील, आन प्रोग्राम चालला न्हाई का म्हणतील, बाईला येत न्हाई."

केदारनाथचा चेहरा उतरला. "मशीनला कळायला पायजे होतं," तो पुटपुटला.

उमाबाईंना गेल्या साली आलेली मेंढरंवाली बायडाबाई आठवली. "लुगडं दावा," एवढंच म्हणाली होती. तिच्या अंगावरचं गडद नऊवारी पाहून उमाबाईंनी तसलीच सहा लुगडी गादीवर पसरली. बायडाबाई जराशी हसली आणि उठून गेली. तिची लेक मोहिनी नर्सिंगला लागली होती; मायला लेकीसाठी पांढरी साडी हवी होती. ती तिनं तेलगावात घेतली. तेव्हापासून "कुणासाठी?" असं विचारल्याशिवाय उमाबाई घडी मोडत नसत.

अकराची गाडी हॉर्न देऊन गेली. केदारनाथनं खिशातली फ्लॉपी काढली. "चल," तो कावेरीला म्हणाला, "तू भाषेचं नाव सांग, मी निवडतो. दुपारच्या गाडीनं जाईन." दोघं माडीची पायरी चढू लागले.

"केदार!" उमाबाईंनी खालून हाक दिली. तो थांबला.

"मशीनवर राग न्हाई माजा. दोन शब्दांवरनं वळखायला म्या बी चुकलेच की. पर बायडाबाई गप ऱ्हायलती रं. तुजी बायको तर न विचारता सांगत व्हती."