डावीकडचं पेडल

"मॅडम, तुमची गाडी रडतेय हो," काकूंनी स्टिअरिंगला मिठी मारल्यासारखं धरून जाहीर केलं.

"पुढे बघा."

"बघतेच आहे. पण ऐका ना, थांबताना कशी कुईऽऽ करते! आमच्या मशीनला तेल घालायचं राहिलं की अस्संच कोकलतं."

मॅडमनी ऐकलं. म्हणजे आवाज कानावर पडला. गेले कित्येक दिवस तो पडतच असणार, पण कानापासून पुढे कुठे पोचत नव्हता.

काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. काकांची नजर अधू झाली होती, समोरची बस त्यांना दिसायची ती बसने हॉर्न दिल्यावर. तेव्हा घरची गाडी आता आपणच चालवायची, असं काकूंनी ठरवून टाकलं. उद्या सकाळी त्यांची लायसन्सची परीक्षा होती.

मॅडम ड्रायव्हिंग स्कूलमधल्या एकुलत्या एक बाई शिक्षिका. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेकचं एक पेडल असतं. दोन्ही पेडलं एका दांड्याने जोडलेली. एक दाबलं की दुसरं मुकाट्याने खाली जातं.

सिग्नल लाल झाला. पेडल खाली गेलं, गाडी कुईं करत थांबली.

"बघा!" काकूंचा चेहरा असा फुलला, जणू शाळेच्या गॅदरिंगमध्ये पहिला नंबर आला. "मनात आणलं आणि थांबली! पाय टेकवते न टेकवते तोच! उगाच नाही जन्मभर पायमशीन चालवलं."

मॅडमचा उजवा पाय डावीकडच्या पेडलवर होता. तो तिथेच असायचा.

गॅरेजवाले मामा गाडी आत यायच्या आधीच हात पुसत बाहेर आले. "आवाजावरूनच कळलं, ताईच असणार." काकूंना त्यांनी जुन्या टायरवर बसवलं, चाक उतरवलं आणि ब्रेक पॅड काढून मॅडमच्या तळहातावर ठेवलं. लोखंडी पट्टीवरचा काळा थर कागदासारखा पातळ झाला होता.

"ही पत्ती दिसतेय? पॅड झिजलं की ही डिस्कला घासते आणि बोंब मारते. बोंब मारण्यासाठीच ठेवलीय हो तिला. पेडल खोल जात नव्हतं?"

"जात असेल."

"ब्रेक ऑइल खाली गेलेलं दिसलं नाही?"

"बघितलं नाही."

मामांना हे खरं वाटेना. कारण हे सगळं मॅडम स्वतःच पोरांना पहिल्या दिवशी शिकवायच्या. आवाज आला, पेडल खोल गेलं, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली, चाकापाशी जळका वास आला, तर थेट गॅरेज. बोटं मोजत म्हणवून घ्यायच्या अगदी, पाढ्यांसारखं.

"मागच्या वेळचे पॅड बसवून माझे हात धुवून होतायत तोवर तुम्ही परत हजर," मामा हळू आवाजात म्हणाले.

"शिकाऊ गाडी आहे, मामा."

"शिकाऊ पूर्वीही होतीच की. नवखा माणूस ब्रेक विसरतो आणि मग कचकन मारतो. हे तसे झिजलेले नाहीत. पेडलवर कुणीतरी सारखा पाय टेकवून ठेवलाय." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "तुम्ही टेकवता का हो?"

"छे! माझा पाय फुलासारखा!"

मामा पुन्हा चाकाकडे वळले. मॅडमकडे त्यांनी मुद्दामच पाहिलं नाही.

मागल्या वर्षी मॅडमचे मिस्टर गाडी चालवत होते. ती घरची गाडी. मॅडम शेजारी, डावीकडे. वळणावर उभा असलेला ट्रक आधी मॅडमना दिसला. त्यांनी जीव खाऊन उजवा पाय दाबला. पायाखाली रबरी मॅट होतं.

मिस्टर गेले. मॅडमच्या गुडघ्याला नुसतं खरचटलं. पुढे त्या कामावर आल्या, तेव्हा सगळे म्हणाले, बाई धीराची आहे. धीर कसला आलाय? काहीच होत नव्हतं. चहा गरम लागत नव्हता, गार लागत नव्हता. नुसता तो पाय तेवढा पेडलवर जाऊन बसला, आणि मग त्यांची पोरं एकामागून एक परीक्षेत आपटू लागली. कारण परीक्षेचे साहेब डावीकडे हाताची घडी घालून बसतात, आणि पोरं बिचारी पेडल आपोआप खाली जायची वाट बघतात.

"या काकू नापास झाल्या तर तुम्ही ऑफिसात बसा," मालक सकाळीच म्हणाले होते. "पावत्या फाडा. गाडी मी दुसऱ्याला देतो."

"बरं," मॅडम म्हणाल्या होत्या. हल्ली त्या सगळ्यालाच बरं म्हणायच्या.

गॅरेजमध्ये काकूंचं चालूच होतं. "लायसन्स आलं ना, की पहिली फेरी ह्यांना शेजारी बसवून! मी सांगितलंय, आता तुम्ही डावीकडे बसायचं आणि गप्प बसायचं."

डावीकडे. मॅडमच्या हातातलं झिजलेलं पॅड एकदम जड झालं. काकूंच्या गाडीत डावीकडे पेडल नव्हतं. तिथे काका बसणार होते, अधू डोळ्यांचे, मॅटवर पाय ठेवून.

संध्याकाळी लेक टीव्हीवर सिनेमा बघत होती. सिनेमातली गाडी घाटात वळली आणि मॅडमचा पाय फरशीवर दाबला गेला.

"आई, टीव्हीला ब्रेक नाहीये गं," लेक म्हणाली. ती नेहमीच असं म्हणायची. पण आज मॅडमनी मान खाली करून आपल्या पायाकडे पाहिलं. लेकीने हसणं आवरलं, आणि आपला मोजा घातलेला पाय हळूच आईच्या पायावर ठेवून दिला. सिनेमा संपेपर्यंत काढला नाही.

सकाळी मामांनी किल्ली दिली. "नवे पॅड आहेत. दमादमाने दाबा. जरा बसू द्या त्यांना."

परीक्षेच्या मैदानाकडे जायचा रस्ता उताराचा आणि तेवढ्यापुरता रिकामा होता. मॅडमनी चपला काढल्या, दोन्ही पाय सीटवर घेतले आणि मांडी घातली. उजवा पाय डाव्या मांडीखाली, पार आत.

"हे काय, जेवायला बसल्यासारख्या?" काकू खिदळल्या.

"पाय अवघडलाय. तुम्ही चला. हळू."

उताराच्या तळाशी एक रंगारी सायकल हातात धरून रस्ता ओलांडू लागला. सायकलवर शिडी आडवी बांधलेली. मॅडमना तो आधी दिसला. मांडीखालचा पाय जिवाच्या आकांताने सुटायला बघत होता. त्यांनी दोन्ही हातांनी घोटा धरून ठेवला. ओठ उघडले, आणि मिटले.

काकू वाट बघत होत्या. पेडल खाली जाईना.

"अगंबाई!" म्हणत त्यांनी पाय मारला.

मॅडमच्या समोरचं पेडल, त्यावर कुणाचाही पाय नसताना, सरळ खाली गेलं. गाडीने नाक वाकवलं, काकूंची पर्स सीटखाली गेली, आणि शिडीच्या बरीच अलीकडे सगळं थांबलं. चाकांचा जरासुद्धा आवाज झाला नाही.

"आज जड लागलं हो पेडल," काकू धापा टाकत म्हणाल्या.

"नवे पॅड आहेत."

"हां, तरीच! पण थांबली बघा. नेहमीसारखी!"

"हो," मॅडम म्हणाल्या. "नेहमीसारखी."

रंगाऱ्याने एक हात वर केला आणि शिडी सांभाळत तो सावकाश पलीकडे गेला. मॅडमनी मांडी सोडली. उजवा पाय लाकडासारखा झाला होता. मग टाचेपासून मुंग्या चढायला लागल्या, एवढ्या, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं हो?"

"काही नाही. मुंग्या आल्यात."

त्यांनी पाय खाली सोडला आणि पेडलच्या बाजूला, मॅटवर ठेवला.

"चला काकू, पहिला गिअर."