इबँक्स लॉजचा अबोला

युटिला बेटाच्या जेटीवर फेरीबोट लागली की मिस अर्डेल इबँक्स उतरणाऱ्या माणसांवर एक नजर टाकायची आणि बुडी मारताना कोणाच्या कमरेला किती शिसं बांधावं लागेल ते मनात ठरवून मोकळी व्हायची. शिशाशिवाय माणूस पाण्यात बुचासारखा वर येतो. देह पाहून अंदाज कोणीही बांधील. अर्डेल त्यात स्वभाव मिळवायची. आपण कुठल्या कुठल्या समुद्रात बुड्या मारल्या ते जेटीवरच सांगू लागणाऱ्याला दोन किलो जादा, कारण तो खाली गेल्यावर घाबरून छाती फुगवणार. नवरा बढाया मारत असताना ढगांकडे पाहणाऱ्या बायकोला एक किलो कमी, कारण ती कशानेच घाबरत नाही. फेरीवरच्या साऱ्या माणसांचा असा जमाखर्च तिच्याकडे तयार असे. घरातलं एकच माणूस तिने हिशेबातून वगळलं होतं. तिचा धाकटा भाऊ टॉल्बर्ट. त्याच्याशी ती चार वर्षं बोलत नव्हती.

आता एकाच धंद्यात असलेल्या भावंडांनी अबोला धरायचा म्हणजे कठीण काम. लॉज अर्डेलचं: आठ खोल्या, आठ पंखे, दुपारीच गरम पाणी, कारण टाकी दुपारीच उन्हात तापते. भाड्यात दोन बुड्या आणि खोबऱ्याच्या दुधातला पाव, वाळूमाश्या फुकट. बोट टॉल्बर्टची. लॉजशिवाय बोटीला पाहुणे नाहीत, बोटीशिवाय लॉजला समुद्र नाही.

भांडण झालं ते बोटीवरूनच. बोटीचं नाव होतं ‘मिस इनेझ’, त्यांच्या आईचं. चार वर्षांपूर्वी ब्रिगिट नावाची एक डॅनिश बाई पाच नंबरच्या खोलीत उतरली, टॉल्बर्टच्या फिडलवर नाचली, आणि टॉल्बर्टने आईच्या नावावर पांढरा रंग फासून वर निळ्या अक्षरांत ‘ब्रिगिट’ लिहिलं. रंग वाळायच्या आत बाई शनिवारच्या फेरीने गेली. नाव राहिलं. ते खोडायचं म्हणजे आपण गाढवपणा केला हे गावाला रंगवून दाखवायचं, म्हणून टॉल्बर्ट खोडेना. आणि ते खोडलं जात नाही तोवर अर्डेल तोंड उघडेना.

मग काम चालायचं कसं? तर पाण्याखालच्या खुणांनी. खाली कोणालाच बोलता येत नाही, म्हणून बुडी मारणाऱ्यांच्या हाताच्या खुणा असतात. या दोघांनी त्या जमिनीवर आणल्या. सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावरून अर्डेल सहा बोटं दाखवी: सहा पाहुणे. टॉल्बर्ट धक्क्यावरून अंगठा आणि बोट जुळवून गोल करी: ठीक. तो छातीवर मूठ ठेवी, म्हणजे खाली ‘हवा कमी’ आणि इथे डिझेल कमी. ती पंजा पसरून हलवी, म्हणजे काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा पंप. तो कानाला बोट लावी, ‘कान दुखतोय’, म्हणजे तुझं काही ऐकायचं नाही. पाहुण्यांना वाटे, काय ही शिस्त. गावाला सगळ्या खुणा पाठ होत्या, त्यामुळे इबँक्सांचं भांडण मेन स्ट्रीटवर लांबूनही वाचता येई.

आणि त्या मंगळवारी पाव विकणारी ओलेथा टोपली ओट्यावर ठेवत म्हणाली, “मग बंदोबस्त काय करणार, मिस अर्डेल?”

“कसला?”

“टॉल्बर्ट निघाला ना. लुइझियानाला, टगबोटीवर. शनिवारच्या फेरीने. कागद झाले, डॉक्टरने तपासला. अख्ख्या गावाला ठाऊक आहे.”

“मलाही ठाऊक आहे,” अर्डेल म्हणाली, आणि पाव मोजायला लागली. तिसऱ्यांदा मोजताना ओलेथा म्हणाली, “बाई, ते बाराच आहेत.”

बेटावरचे पुरुष जहाजांवर जात आलेत. त्यांचा बाप गेला, आजा गेला. जाणारा म्हणतो सहा महिने, आणि परततो तेव्हा पोरं त्याला काका म्हणतात. दुसरा कप्तान मिळाला असता. कप्तानांना तोटा नव्हता. पण संध्याकाळी धक्क्यावर बसून मुद्दाम बेसूर फिडल वाजवणारं, आणि आपण खिडकी आपटली की आणखी बेसूर वाजवणारं माणूस कुठून आणायचं? हे अर्डेलला पाव मोजताना कळलं, आणि तिला त्याचा फार राग आला.

‘जाऊ नकोस’ याला खूण नाही. बुधवारी सकाळी तिने जी होती ती करून पाहिली. टॉल्बर्ट खांद्यावर हवेचं सिलिंडर घेऊन बोटीकडे निघाला होता. तिने ओट्यावरून हाताचा पंजा उभा धरला: थांब. तो थांबला. सिलिंडर खांद्यावर, एक पाय फळीवर. तीही हात तसाच धरून उभी. दोघं बराच वेळ असे उभे राहिले. शेवटी त्याचा खांदा थरथरायला लागला, तेव्हा तिने हात खाली केला आणि तो बोटीत गेला.

हे सगळं तीन नंबरच्या खोलीतल्या मिसेस पेल्टियर पाहत होत्या. क्वेबेकच्या बाई, दरवर्षी यायच्या, दरवर्षी त्याच पंख्याबद्दल तक्रार करायच्या. सारा जन्म टपाल कचेरीत गेलेला, त्यामुळे दुसऱ्याच्या भानगडीत लक्ष घालणं त्यांना कामच वाटे.

“बोलून टाका की,” त्या कॉफी ढवळत म्हणाल्या.

“आधी त्याने बोलावं. नाव त्याने पुसलं.”

“आणि तो गेला म्हणजे?”

“गेला तर गेला. मी काय त्याचे पाय धरू?”

“पाय कोण म्हणतंय? तोंड म्हणतेय मी. पंखा आजही खडखडतोय, ते राहिलंच.”

शुक्रवारी दुपारी टॉल्बर्टची शेवटची खेप. पाहुण्यांना पाण्यात नेणारा पोरगा, नाहून त्याचं नाव, कान सुजून पडला होता, म्हणून अर्डेल स्वतः सूट चढवून बोटीत बसली. टॉल्बर्ट सुकाणूवर. बेटाला वळसा घालून दक्षिणेच्या खडकापर्यंत दोघांनी मिळून तीन खुणा केल्या, तिन्ही डिझेलबद्दल.

पाण्याखाली सगळं झकास होतं. मिसेस पेल्टियर एका म्हाताऱ्या कासवाच्या मागे निवांत तरंगत होत्या; बढाईखोर पाहुणा शिशासकट वर-खाली होत होता. पण प्रवाह फिरला होता. वर आले तेव्हा सगळेजण बोटीपासून बरेच पश्चिमेला गेलेले. टॉल्बर्टने त्यांची डोकी पाहिली, बोट नांगरावरून सोडली आणि तो त्यांच्याकडे यायला निघाला. आणि तेवढ्यात अर्डेलला मधला दोर दिसला. कोणाच्या तरी मासे धरायच्या सापळ्याचा तुटलेला दोर, वीतभर पाण्याखाली, लांबच लांब पसरलेला. बोटीच्या पंख्यात गेला असता तर इंजिन गेलं, आणि बोट प्रवाहाबरोबर सरळ खडकावर.

तिने पंजा उभा केला. टॉल्बर्ट येतच राहिला. पश्चिमेला कललेला सूर्य नेमका तिच्या पाठीमागे होता, त्याला फक्त चकाकणारं पाणी दिसत होतं. तिने शिट्टी वाजवली. शिट्टी म्हणजे ‘इथे आहोत’, म्हणून त्याने वेग वाढवला.

“टॉल्बर्ट! थांब, पुढे दोर आहे.”

इंजिन बंद पडलं. म्हणजे त्याने केलं. बहिणीचा आवाज त्याला नवा नव्हता. ती दिवसभर पाहुण्यांवर, नाहूनवर, कोंबड्यांवर ओरडत असे. पण त्यात त्याचं नाव नसे.

“काय म्हणालीस?” त्याने विचारलं.

“दोर म्हणाले. डोळे आहेत की गोट्या?”

“सूर्य समोर आहे.”

“सूर्य आईच्या वेळीही होता. ती कधी दोरात गेली नाही.”

“आई बोट चालवत नव्हती.”

“चालवली असती तरी गेली नसती.”

आणि मग, तोंड उघडलंच आहे तर, अर्डेलने सगळं बाहेर काढलं. हवेचा अंगरखा फुगवून, लाटांवर वर-खाली होत, तिने चार वर्षांचं साठलेलं एकेक करून त्याच्या पदरात घातलं. ईस्टरला नेलेली शिडी परत आली नाही.

“शिडीची खूण कशी करायची असते?” टॉल्बर्टने विचारलं.

फिडलच्या चार तारांपैकी एक तरी सुरात लावावी.

“तू खिडकी आपटतेस ती सुरात असते का?”

आणि त्या डॅनिश बाईला नारळ काढून द्यायला माडावर चढला तेव्हा वय काय होतं, आणि कंबर कोणी चोळून दिली होती.

“मिस अर्डेल, माझ्या पायात गोळा आलाय,” शेजारून मिसेस पेल्टियर म्हणाल्या, “पण तुमचं चालू द्या.”

“आणि टगबोटीवर जातोस म्हणे. मला ओलेथाकडून कळतं. पाववालीकडून.”

“तुला कसं सांगणार? तुझं तोंड बंद होतं.”

“कान उघडे होते ना.”

टॉल्बर्टने बांबूच्या आकड्याने दोर ओढायला घेतला होता. काम दोन मिनिटांचं. पण तो दोर हातभर ओढी, थांबून ऐके, मग पुन्हा हातभर ओढी, आणि डेकवर त्याची अशी नीट गुंडाळी घालत होता की जणू ती चर्चमध्ये मांडायची आहे. बढाईखोर पाहुण्याने थंडी वाजत असल्याचं दोनदा सांगितलं. कोणी लक्ष दिलं नाही.

“आणखी काही?” टॉल्बर्टने विचारलं.

अर्डेल डोळ्यांवरचा चष्मा काढून धुऊ लागली.

“सगळं बोललात,” मिसेस पेल्टियर हळूच म्हणाल्या, “‘जाऊ नकोस’ तेवढं राहिलं.”

“ते त्याला कळतं.”

“इतकी वर्षं टपालात काढली, बाई. न टाकलेलं पत्र पोचलेलं मी पाहिलं नाही.”

बोट आली. पाहुणे एकेक करून शिडीने चढले. अर्डेल शेवटची. शिडीवर चढायच्या आधी पायातली वल्ही काढून कप्तानाच्या हातात द्यायची असतात. तिने ती दिली, त्याने घेतली, आणि ती शिडीच्या खालच्या पायरीवरच उभी राहिली. लांबून ओरडणं सोपं होतं. आता त्याच्या दाढीतले पांढरे केस दिसत होते.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली.

“मोठ्याने बोल, इंजिन चालू आहे.”

“इंजिन बंद आहे, टॉल्बर्ट.”

“मग पुन्हा बोल.”

“जाऊ नकोस. दुसरा कप्तान मिळेल मला, आजच मिळेल. मला तो नको. तू इथे पाहिजेस.” आणि तिने शिडीचा दांडा घट्ट धरला, कारण आता तो काय म्हणेल ते तिच्या हातात नव्हतं.

टॉल्बर्टने वल्ही खाली ठेवली. मान खाजवली. “एक अडचण आहे,” तो म्हणाला.

“कसली?”

“बॅग गेली. सकाळच्या फेरीने पुढे पाठवून दिली, पलीकडे ला सेइबा बंदराला. माझे सगळे शर्ट आहेत तिच्यात. दाढीचं सामान. फिडलसुद्धा.”

“फिडल राहू दे तिकडेच.”

“आणि मी घालू काय?”

“पाहुणे विसरून गेलेल्या कपड्यांची एक पेटी भरलीय माझ्याकडे. ये, वर ओढ मला. गारठले मी.”

शनिवारी फेरी भोंगा देऊन गेली तेव्हा टॉल्बर्ट अर्डेलच्या स्वयंपाकघरात बसून पाव खात होता. अंगात कोण्या सडपातळ मुलीचा गुलाबी शर्ट, पोटावर ताणलेला. ओलेथा टोपली घेऊन आली होती आणि जायचं नाव घेत नव्हती. मिसेस पेल्टियर पंख्याचं सांगायला म्हणून खाली उतरल्या होत्या. तेवढ्यात टगबोटीच्या एजंटाचा फोन आला.

“येत नाही म्हणून सांगतोय,” टॉल्बर्ट फोनवर म्हणाला, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने. “बहीण नको म्हणते.” मग ओलेथाला नीट ऐकू गेलं नसेल अशा शंकेने त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. “हो, हो, बहीण. जाऊ नकोस म्हणाली. मोठी आहे ना ती, ऐकावं लागतं.”

अर्डेल चुलीकडे तोंड करून उभी होती आणि मासा दुसऱ्या बाजूनेही करपेपर्यंत तिने तो उलटला नाही.

पलीकडून एजंटाने काहीतरी विचारलं.

“नाही साहेब, आजारी कुठली,” टॉल्बर्ट म्हणाला. “ठणठणीत आहे. बोलतेय.”