सरकीचं पोतं कुठं ठेवायचं

मित्रांनो, त्या रविवारी सकाळी वर्ध्याजवळच्या आंजी गावी आमच्या अंगणात सगळं रोजच्यासारखं होतं. देवकाबाईंनी चहा ठेवला होता, महादेवराव माझ्या रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते आणि त्यांची लेक सुलोचना त्यांच्याशी वाद घालत होती. दुसऱ्या दिवशी या घरात काय होणार आहे, ते कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या मनात एकच धास्ती होती. आज मी या घरची राहणार, की विकली जाणार?

मी बहात्तर सालची जुनी अ‍ॅम्बेसेडर. बंगालातल्या कारखान्यात जन्मले आणि नागपूरहून महादेवराव मला इकडे घेऊन आले. माझं इंजिन पुढे आहे, पण जोर लावणारी चाकं मागे. पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा जातो, तो इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेतो. त्या दांड्यासाठी माझ्या तळाला मधोमध उंचवटा आहे, म्हणून मागे मधे बसणारा नेहमी गुडघे पोटाशी घेऊन बसतो. महादेवराव हसून म्हणायचे, "लोकायच्या गाडीले बैल समोर राह्यते, हिचा मांगून ढकलते!"

मी नवऱ्या नेल्या, बाळंतिणी नेल्या, आर्वीच्या बाजारात शेतकरी नेले. वर्ध्याच्या स्टेशनसमोर उभी असले की नाना तऱ्हेचे सोबती भेटत. ऑटोरिक्षाचं इंजिनही मागे आणि जोरही मागे. दांड्याची भानगडच नाही, पण पुढचं एकुलतं चाक मात्र अगदी हलकं. जीप तर चारही चाकांनी जोर लावायची. चिखलातून राणीसारखी निघायची आणि तेलही राणीसारखंच प्यायची!

पावसाळ्यात माझी मागची चाकं घसरत. त्यावर आमच्या गावात एक रीत होती. डिकीत सरकीचं पोतं टाकायचं. सरकी म्हणजे कापूस काढल्यावर उरलेलं बी. त्या वजनानं मागची चाकं जमीन धरत. ज्याच्याकडे गाडी, त्याच्या डिकीत आषाढापासून पोतं असायचंच.

सत्त्याऐंशी सालच्या श्रावणात सुलोचनानं पांढरी मारुती आणली. ती वर्ध्याला बँकेत नोकरीला होती, आणि गाडी चालवायला शिकली होती ती माझ्यावरच. या चिमुकलीचं इंजिन पुढे आडवं बसवलेलं होतं आणि ओढणारी चाकंही पुढचीच. दांडा नाही, उंचवटा नाही. मी आपली गंजलेली दारं मिटून बघत राहिले.

"बाबा, ही गाडी तुमी ठेवा. अ‍ॅम्बेसेडर विकून टाका," त्या रविवारी सुलोचना म्हणाली.

"काऊन? हे खेळणं नाल्याचा चढ चढते काय?"

"चढते!"

"भरल्या वजनानं?"

"भरल्या वजनानं!"

महादेवरावांनी रेडिएटरचं झाकण घट्ट लावलं. "मंग शब्द घे माहा. ती चढली, का उद्याच जुन्या गाड्या घेनाऱ्या आर्वीच्या ताराचंदले निरोप धाडतो. हिले घेऊन जा म्हणतो."

मित्रांनो, माझं इंजिन बंद असूनही धडधडलं!

नाल्यातून आमच्या वावराकडे जाणारा चढ मुरमाचा होता. रात्रीच्या पावसानं तो चांगलाच निसरडा झाला होता. अर्धी आंजी तिथे गोळा झाली. पहिली पाळी माझी. मी गुरगुरत निघाले, चाकं एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, मग पोत्याच्या वजनानं त्यांनी मुरूम धरला आणि मी वर! टाळ्या पडल्या. वर पोहोचून महादेवराव उतरले, माझ्या बॉनेटवर हात टेकून दम घेत उभे राहिले. सुलोचनानं ते खालून पाहिलं. तिनं तोंड उघडलं, आणि म्हणाली, "तुमचा क्लच घसरून राह्यला वाटते!"

आता मारुतीची पाळी. शेजारच्या नत्थूजींनी माझ्या डिकीतलं पोतं काढून खाली नेलं आणि रीतीप्रमाणे तिच्या डिकीत टाकलं. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. सुलोचनालाही नाही! ती उत्साहानं निघाली. अर्ध्या चढावर पुढची चाकं गरगरा फिरू लागली, मुरूम उडाला, आणि मारुती हळूहळू मागे घसरत पुन्हा नाल्यात.

"अवो, ही तर चढाच्या नावानं नाचूनच राह्यली!" नत्थूजी ओरडले. हशा उसळला. मी मनातल्या मनात हॉर्न वाजवला. वाचले!

पण महादेवराव हसत नव्हते. ते खाली उतरून मारुतीच्या पुढच्या चाकांजवळ बसले.

"सुले, हिचे ओढणारे पाय कोनते?"

"समोरचे."

"अन् पोतं कोठी हाय?"

सुलोचनानं कपाळावर हात मारला. "मांगं! म्हंजे समोरचे पाय हलके झाले! पोतं समोरच्या सीटवर पाह्यजे, माह्या बाजूले."

"तेवढ्यानं नाई भागत. चढावर सारं वजन मांगं सरकते." त्यांनी चढाकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे चमकले. "मंग तोंडच खाली कर ना! उलटी घाल. रिव्हर्समंदी."

"बाबा, तुमी तर तुमचीच गाडी हरवून राह्यले!" सुलोचना म्हणाली.

"गाडी हरू दे. तू घाल."

पोतं डिकीतून पुढच्या सीटवर आलं. वजन तेवढंच, जागा बदलली. मारुती उलटी फिरली. सुलोचना मान वळवून मागे बघत होती, महादेवराव वर उभे राहून हातानं वाट दाखवत होते. "ये, ये, ये... डावी दाब... ये!" सगळं वजन आता खालच्या बाजूच्या, ओढणाऱ्या चाकांवर होतं. चाकांनी जमीन पकडली. पांढरी गाडी पाठीकडून, लाजत लाजत, पण न थांबता थेट वर आली! गर्दीनं एकच गलका केला. महादेवराव लहान पोरासारखे उड्या मारत होते.

"चढली वं माय, चढली! शब्द म्हंजे शब्द. उद्या ताराचंदले निरोप."

मी हरले होते. तरी सांगते, इतका आनंदाचा दिवस मी दुसरा पाहिला नाही.

सोमवारी सकाळी हातपाय धुऊन महादेवराव ओसरीवर टेकले, आणि पुन्हा उठले नाहीत. निरोप जायचाच राहिला.

पण तोवर पैजेची गोष्ट पंचक्रोशीत पोहोचली होती. तेरवीनंतर ताराचंद शेठ आले. दबक्या आवाजात म्हणाले, "महादेवरावांचा शब्द होता म्हणतात."

देवकाबाईंनी लेकीकडे पाहिलं. सुलोचना शांतपणे म्हणाली, "शब्द त्यायनं मले देल्ला होता, काका. मी तो सोडून देल्ला. गाडी विकाची नाई."

मित्रांनो, गाडीला पाणी, तेल, हवा वेळेवर द्या. इंजिन पुढे असो की मागे, काळजी सगळ्यांनाच लागते. आणि माणसांशी गाड्यांबद्दल जरूर बोला, पण तेवढंच बोलून थांबू नका.

ताराचंद शेठ गेल्यावर सुलोचना माझं दार उघडून आत बसली. स्टेअरिंगपाशी नाही, पलीकडे. तिनं बाबांच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, चाकं समोरची का मांगची, मले काई घेनं-देनं नव्हतं. हिचं स्टेअरिंग जड हाय, अन् तुमाले दम लागत होता. मले तुमच्यासाठी भीती वाटत होती. मले गाडी नाई, तुमी पाह्यजे होते."