क्षमता फक्त वीस

डेस क्विल्टीसमोर वर्डमध्ये लिहिलेला अहवाल ठेवला, की त्याचं तोंड कारलं चावल्यासारखं होई. होबार्टमधल्या त्याच्या कंपनीत पूल आणि धक्के तपासले जात, असं बाहेर पाटीवर लिहिलं होतं. डेसला विचाराल, तर तिथे पानं घडवली जात. साध्या मजकुरात खुणा पेरायच्या, हा मथळा, हे समीकरण, हा तक्ता, आणि मग यंत्राने त्यातून देखणी पानं जुळवायची, ही त्याची लाडकी लाटेक. तिच्यापुढे पूल पडले काय न् उभे राहिले काय!

गनेट बे या किनाऱ्यावरच्या गावचा जुना लाकडी धक्का तपासला त्याच्याच कंपनीतल्या मेरिन टलकने. पाण्यात उतरून तिने खांबात सुरी खुपसली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. परत येऊन तिने घाईघाईने वर्डमध्येच लिहिलं: 'धक्क्याची क्षमता आता फक्त २०% उरली आहे. तो ताबडतोब बंद करावा. एकाही माणसाला वर जाऊ देऊ नये.'

डेसने नाक मुरडलं आणि तो मजकूर स्वतःच्या पवित्र हातांनी उचलून लाटेकमध्ये ओतला. आता, लाटेकची एक खोड आहे. टक्क्याचं चिन्ह दिसलं, की तिथून ओळ संपेपर्यंतचं सगळं ती लिहिणाऱ्याचं खाजगी टिपण समजते आणि छापतच नाही. टक्का छापायचा तर त्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. यावर डेस नव्या माणसांना तासभर प्रवचन झोडत असे. आणि ती रेघ द्यायला तोच विसरला! वर्डमधून उचललेला परिच्छेद म्हणजे यंत्राच्या लेखी एकच लांबलचक ओळ. टक्क्यापासून पुढचा अख्खा परिच्छेद यंत्राने गिळला आणि ढेकरही दिला नाही. छापून आलं ते एवढंच: 'धक्क्याची क्षमता आता फक्त २०'.

डेसने पान डोळ्यांजवळ धरून निरखलं. अक्षरांमधलं अंतर छान, समास छान. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नाही, हे मात्र त्याला खुपलं. तो त्याने मोठ्या मायेने घातला. "यंत्राने एकही चूक दाखवली नाही," असं म्हणत मेरिनला न विचारताच त्याने अहवाल नगर परिषदेकडे धाडला.

परिषदेतली माणसं भली. वीस म्हणजे वीस माणसं, दुसरं काय असणार? लगेच फाटकावर पाटी लागली: 'एका वेळी फक्त वीस जण.'

होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी मेरिन किनाऱ्यावरच्या बेकरीत रांगेत उभी होती, तेवढ्यात बाबांचा फोन आला. युअर्ट टलक गावच्या बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे ते गळ्यात अडकवायचं अवजड पितळी वाद्य, वाजवत.

"पोरी, कुठे अडकलीस? आम्ही धक्क्यावर उभे आहोत!"

"कुठे?"

"अगदी टोकाला. बँडचे अठरा, महापौरबाई आणि तुझे साहेब. मोजून वीस! तुझ्या अहवालाबाहेर पाऊल नाही हो आमचं."

"बाबा, कसले वीस?"

"अगं, तूच लिहिलंयस ना, क्षमता फक्त वीस! बरं, ठेवतो. सुरू करतायत."

मेरिन रांग सोडून धावत सुटली.

फाटकावर परिषदेचा माणूस हात आडवा करून उभा. "थांबा बाई. वीस भरले. कुणी उतरलं की सोडतो."

"अहो, खांब कुजलेत! सगळ्यांना खाली बोलवा!"

"तसं अहवालात नाही."

"अहवाल मीच लिहिलाय!"

"मग नियम तुम्हालाच ठाऊक हवा."

तिकडे बँड दणदणत होता. मेरिनने हात हलवले, तर महापौरबाईंनी हसून हात हलवले. बाबांनी ट्यूबा हलवला. डेस महापौरबाईंना अहवालाचं पान दाखवत होता, बहुधा समास. पहिली धून संपली, तशी मेरिन कठड्यावर चढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "डेस! वीस नाही, वीस टक्के! टक्के, डेस, टक्के!"

दुसऱ्या कुणाला काही कळलं नाही. डेसला कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अहवाल पाण्यात गेला, महापौरबाईंना कोपर बसलं, आणि ढोल ओलांडून जीव मुठीत घेऊन डेस क्विल्टी किनाऱ्याकडे पळत सुटला.

क्षणभर सगळे बघत राहिले. मग महापौरबाईंनी चपला हातात घेतल्या, आणि मागोमाग अख्खा बँड पळाला. सगळ्यात शेवटी बाबा, कारण ट्यूबा. ते किनाऱ्यापासून दोन हातांवर असताना मागे काहीतरी कडाडलं. मेरिनने त्यांना गळ्यातल्या पट्ट्यासकट खेचून घेतलं. वळून पाहिलं, तर बँड उभा होता तिथे नुसतं पाणी होतं.

डेस वाळूत ओणवा होऊन ओकत होता. मेरिन बाबांना मिठी मारून रडायला लागली. बाबांना धाप लागली होती, पण जीभ शाबूत होती.

"अगं, एवढा मोठा अहवाल कशाला लिहीत बसलीस?" ते म्हणाले. "आधीच ह्याला एकदा पळवून दाखवायचं होतंस."