ओठाची डबी

साडेचार रुपये! ओठाले लावाच्या मलमाले साडेचार रुपये! म्या तं तव्यावरची भाकर तशीच सोडली आन आमच्या ह्यायच्या तोंडाकडं पाहतच राहिली.

"अहो, तेवढ्यात माहा आठवडा निंघते," म्या म्हटलं. "आठ दिवस मिरच्याचे देठ खुडू खुडू कंबर मोडते, तवा तेवढे दिसते. तुमी ते ओठाले चोपडसान?"

"मी कुठं घेतो म्हणून राहिलो? अमरावतीले लग्नात वाजवाले गेलो होतो, दुकानात दिसली. रात्री लावून निजाचं, सकाळी ओठ लोण्यावानी, असं तो दुकानदार म्हणे. तुले सांगतलं फक्त."

सांगतलं फक्त! एवढं सांगतलं अन् तोंड असं केलं की माह्या घशाखाली घास उतरला नाई.

आमच्यात नवऱ्याचं नाव घ्याचं तं उखाण्यातच घेते, पन गोष्ट सांगाची हाय म्हणून एकदा घेते. देवमन. अकोल्यात शालिकराम मास्तरच्या बँडपार्टीत हे बाजा वाजवत. तीन चाव्याचा पितळी बाजा, कोनी त्याले ट्रंपेट म्हणते. माह्या सासऱ्यानं जलमभर गावात डफडं वाजवलं, ते पाटलाच्या हुकमानं. नागपूरले जाऊन दीक्षा घेतली अन् डफडं सुटलं. ह्यायनं बाजा हाती धरला तो आपल्या मर्जीनं. आन त्या साली, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, पार्टीच्या सगळ्यायच्या पुढं उभं राहून वाजवाचा मान मास्तरनं ह्यायले देला होता. माही सासू केशरबाई तं सांगत फिरे गल्लीभर, "माहा देवमन पुढं राहणार हाय, पुढं!"

आन नेमके होळीपासून ह्यायचे ओठ फुटले. फुटले म्हंजे कसे, भेगा पडल्या, रक्त निंघे. बाजाचं सगळं ओठावर असते. ओठ पितळेले घट्ट लागले तरच सूर निंघते. हे संध्याकाळी वाजवाले बसत, दोन सूर काढत, आन आई गं म्हणून बाजा खाली ठेवत.

म्या काय कमी केलं? रोज रात्री बेंबीत तेल घातलं. ह्यायले ओठाले लावाले लोणी देलं. पार्बताबाईनं, माह्यासंग गोदामात देठ खुडाले बसते ते, तिनं गाईचं तूप सांगतलं, तेही उसनं आणून देलं. गंमत पाहा, सकाळी ओठ बरे दिसत. संध्याकाळी वाजवाले बसले की पुन्हा आग. सारे म्हणत, उन्हाची झळ लागते. हाव, झळच असन, एप्रिलचं ऊन हाय, मी म्हणे.

माह्या हाती एकच गोष्ट होती ते मी सोडली नाई. बाजा घासणं. होळी झाल्यावर मी मिरचीच्या गोदामात कामाले लागली, दिवसभर अंग मोडे, पन घरी आली की पैले बाजा घे. चिंच अन् राख लावून असा घासे की त्यात तोंड दिसे! आन ते ओठाले लावाची पितळी वाटी, थे तं खास. पदराचं टोक आंगठ्यावर घेऊन आतून फिरवू फिरवू पुसे. मास्तर सगळ्यायले म्हणत, "देवमनच्या बाजासारखा लख्ख बाजा दाखवा मले कोनी." माही छाती फुगे.

मिरवणुकीले सहा दिवस राहिले अन् मास्तर सोता घरी आले. चहा घेतला, ह्यायले वाजवाले सांगतलं. ह्यायनं बाजा तोंडाले लावला, अर्धी चाल वाजवली, आन ओठातून रक्ताची धार वाटीवर आली.

मास्तर खाली पाहून बोलले, "देवमन, चार दिवस थांबतो. नाई जमलं तं परतवाड्याच्या नत्थुजीले बलावतो. तू मागं राह्य. राग धरू नोको बावा, मिरवणूक थांबत नाई."

ह्यायनं वाटीवरचं रक्त पुसलं. केशरबाई चुलीजवळ बसून होत्या, त्यायनं डोळ्याले पदर लावला. मले असा संताप आला! कोनाचा ते समजे ना. मास्तरचा नाई, नत्थुजीचा नाई, त्या ओठाचाच संताप!

दुसऱ्या दिवशी गोदामात आठवड्याची मजुरी भेटली. म्या ते पदराच्या गाठीत बांधली, पार्बताबाईले म्हटलं, "उद्या मी येत नाई, मुकादमाले सांग पोट दुखते म्हणून."

"कुठं चालली वं?"

"अमरावतीले. सायबाची बाई होऊन मलम घ्याले."

ते आ वासून राहिली. भाड्याले डब्यात जमवलेली चिल्लर घेतली अन् सकाळच्या पैल्या बशीत मी बसली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मी पदराची गाठ चाचपू चाचपू पाहे. एकटीनं एवढ्या दूर मी कधी गेली नोती! दुकान हुडकलं. काचेच्या कपाटात थे गुलाबी डबी, वर पितळी झाकण, नखाएवढी. दुकानदार माह्या लुगड्याकडं पाहून म्हणे, "बाई, ते महागाचं हाय."

"तुले इकाचं हाय का ठेवाचं?" म्या म्हटलं. आन गाठ सोडून पैसे समोर ठेवले.

वापस येईपर्यंत डबी मुठीत धरली होती. साडेचार रुपये अन् नखाएवढी डबी! नाकापेक्षा मोती जड! पन खरं सांगू, मले रस्ताभर हसू येत होतं. लग्नाच्या येळीही एवढी खुशी झाली नसन.

जेवणं झाली. म्या डबी काढून ह्यायच्या समोर ठेवली. हे डबीकडं पाहत, माह्याकडं पाहत. "मनकर्णे, तू गेली? एकटी?"

"गुपचूप तोंड वर करा," म्या म्हटलं. हात राखेनं, पाण्यानं चांगले धुतले, झाकण उघडलं. वास तं असा गुलाबाचा! बोटावर जरासं घेतलं अन् ह्यायच्या ओठाले हळूच लावलं, लेकराले काजळ लावावं तसं.

"आग! आग! अरे बाप रे!"

हे एकदम उभे! धावत जाऊन रांजणात तोंड घातलं. मी घाबरून डबी हातात धरून उभी. ह्यायच्या डोळ्यातून पाणी, ओठ लालभडक.

"फसवलं तुले त्यानं!" हे वरडले. "आग हाय ते आग!"

माहं डोक्सं असं फिरलं! माहा आठवडा! म्या म्हटलं, पाहतेच. बोट डबीत घातलं अन् आपल्या ओठाले लावलं. अव माय! सुईनं टोचल्यावानी झालं! "खरंच व! अस्सा लुच्चा! उद्या पैल्या बशीनं जाते, त्याची गचांडी धरते, चौकात उभा करते..."

"थांब वं," केशरबाई म्हणाल्या. "मले पाहू दे." त्यायनं आपल्या बोटावर डबीच्या दुसऱ्या कडंचं मलम घेतलं, ओठाले लावलं, दोन्ही ओठ एकमेकावर फिरवले. आम्ही दोघंही त्यायच्या तोंडाकडं पाहून राहिलो. म्हातारी शांत.

"मले तं थंडगार लागते," त्या म्हणाल्या.

"असं कसं?"

त्यायनं माहा हात धरला, नाकाजवळ नेला, आन त्यायले एकामागं एक चार शिंका आल्या. "पोरी, तू दिवसभर काय खुडतं?"

"मिरच्या."

"मंग?"

मंग काय! राखेनं धुतलं तरी मिरची हातातून जाते का? आमाले सवय झालेली, आमाले समजत नाई. आन माहा पदर! ठसका लागू नये म्हणून गोदामात दिवसभर तोंडाले बांधते तोच पदर. त्याच पदरानं, त्याच आंगठ्यानं, रोज संध्याकाळी त्या वाटीत...

म्या हळूच कोपऱ्याकडं पाहलं. बाजा तिथं लखलख करत होता. ह्यायनंही तिकडंच पाहलं.

"रोज?" हे म्हणाले.

"रोज," म्या म्हटलं. "होळीपासून. दोनदा दोनदा पुसत होती मी." आन मले रडूच कोसळलं. "मीच खाल्ले तुमचे ओठ! आन मी बेंबीत तेल घालते! लोणी देते! उन्हाले शिव्या देते!"

"काखेत कळसा," केशरबाई म्हणाल्या, आन त्याच हसाले लागल्या. मंग हेही. हसता हसता ओठावर हात दाबून म्हणत, "हसवू नोका, फाटते, फाटते!" मी रडत होती ते तशीच त्यायच्यात हसाले लागली.

त्या दिवसापासून बाजाले हात लावाची मले बंदी. हे सोता साध्या पाण्यानं धूत. रात्री केशरबाई आपल्या हातानं मलम लावत, मी दूर बसून पाहत राहे. तिसऱ्या दिवशी मास्तर आले. ह्यायनं सगळी चाल वाजवली, पैल्यापासून शेवटपर्यंत, मास्तर उठून उभेच राहिले. "नत्थुजीले नोको म्हणून चिठ्ठी धाडतो," म्हणाले. मलमाचा गुण होता का मिरची बंद झाल्याचा, ते पार्बताबाई अजूनही भांडते. ते म्हणते तूपच होतं.

चौदा तारखेले आम्ही सकाळपासून रस्त्याच्या कडेले उभ्या. निळे झेंडे आले, मंग बँडपार्टी. सगळ्यायचे बाजे उन्हात चमकून राहिले, आन सगळ्यायच्या पुढं माहा माणूस, आन त्याच्या हातात एकच बाजा मळका, काळपटलेला, चट्टे पडलेला. दुसऱ्या एखाद्या दिवशी मले मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्यायनं बाजा वर उचलला, ओठाले लावला. जो सूर निंघाला! माणसं गप्प झाली. केशरबाई माहा हात दाबत म्हणे, "आयकतं का? हुकमाचं नाई हे. आयकतं का?" मी नुसती मान हलवून राहिली, डोळ्यातून पाणी वाहून राहिलं, ते पुसावं कसं? पदर तं तोच होता.

घरी आलो तं पाय तुटून राहिले होते. हे बाजा खुंटीले टांगून माह्यासमोर येऊन बसले, आन माहे दोन्ही हात वढून मांडीवर घेतले. दिव्याजवळ धरून पाहले. बोटाची टोकं सोललेली, नखाच्या कडा लाल.

"जळत नाई का हे तुले?"

"पैले जळे," म्या म्हटलं. "आता समजत नाई."

हे उठले. मंग फळीवरची डबी काढली, अर्धी उरली होती, आन सगळं मलम बोटानं कोरून कोरून माह्या हाताले चोळाले लागले.

"अहो, काय करता! ओठाचं हाय ते, साडेचार रुपयाचं!"

"गुपचूप बस," हे म्हणाले. "दुसरा हात दे."