मानेवरचे दात

परमुआत हे त्याचं आईनं ठेवलेलं नाव वस्तीत आता कुणाला आठवतही नव्हतं. सगळे त्याला मिंगाती म्हणत. सिंहावर पहिला भाला टाकणाऱ्याला आम्हा मासाई लोकांत नवं नाव मिळतं. ते गाण्यात जातं, पोरींच्या तोंडी बसतं आणि मरेपर्यंत पुसलं जात नाही. म्हातारा सत्तरीला आला, दात गेले, गुडघे कुरकुरायला लागले, पण मिंगाती म्हणून हाक आली की त्याची मान अजून ताठ व्हायची. त्या बाबतीत गडी अगदी कोवळा होता.

त्या सकाळी नातू कासाइने दारात येऊन उभा राहिला. मागे सहा सोबती, हातात भाले, अंगाला ताजा गेरू. कासाइनेची काळी गाय काल संध्याकाळी चरून परत आलीच नव्हती. आज कोरड्या ओढ्याकाठी बाभळींत सापडली ती मेलेली, आणि तिच्यावर सिंह बसलेला. पोरांनी आरडाओरडा करून त्याला उठवला, तसा तो शेजारच्या झुडपात शिरला होता.

"चला आजोबा," कासाइने म्हणाला. "पहिला भाला मी टाकणार. तुम्ही फक्त बघायचं."

सिंह मारायला सरकारची बंदी आहे, हे काय पोरांना ठाऊक नव्हतं? पण अशा सकाळी सरकार कुणाला आठवतं! म्हाताऱ्यानं काठी घेतली आणि निघाला.

गेरूत कालवलेल्या चरबीचा वास पुढे वाऱ्यावर दरवळत होता. त्या वासानं म्हातारा पार पन्नास वर्षं मागे गेला. काय दिवस होता तो! बापाचा चितकबरा बैल मेलेला, त्याच्यावर हा भला मोठा सिंह. दहा जणांनी त्याला घेरला, तरी तो तसूभर हलला नाही. भाला याचा आधी लागला. सिरोंका, त्याचा जिवाचा दोस्त, सिंहाच्या शेपटीला लटकला होता आणि भीतीनं की आनंदानं कोण जाणे, खदाखदा हसत होता. वस्तीवर परतताना आयाळीचा टोप याच्या डोक्यावर. आई दुधानं भरलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा घेऊन सामोरी आली. पोरींनी तिथल्या तिथं गाणं रचलं, की मिंगातीचा सिंह पळाला नाही, राजासारखा उभा राहून मेला. त्यातलीच एक पोर पुढे त्याची बायको झाली. सिरोंका गेला, तीही गेली. आता ते गाणं पुरतं येणारा म्हातारा एकटाच उरला होता, आणि गुरं राखताना तो ते हळूच गुणगुणायचा.

गाय दिसायच्या आधी रक्त दिसलं. पाऊलवाटेवर शंभरेक पावलं शिंतोडे उडाले होते. म्हाताऱ्याची चाल मंदावली. गायीचा मागचा भाग फाडून काढलेला, शेपूट नाही, कास नाही. मातीत तरसांच्या पावलांचा नुसता सडा पडलेला आणि त्यावर सिंहाचे मोठे पंजे उमटलेले. म्हातारा कण्हत खाली बसला, सुरी काढली आणि गायीच्या मानेचं कातडं सोलून पाहिलं. दातांची चार भोकं होती, पण खालचं मांस स्वच्छ होतं. रक्ताची एक गाठ नाही. जिवंत जनावराचा गळा धरला तर आत रक्त साकळतं. हा मेल्यावर धरला होता.

मूग गिळून बसता आलं असतं. नातवाला नाव मिळालं असतं, घरात पुन्हा गाणं झालं असतं.

"ही तरसांनी मागून तोडून मारली," तो म्हणाला. "सिंहानं त्यांना हाकलून हिसकावून घेतली, एवढंच. तुझा दावा तरसांवर आहे."

कासाइनेला हसू आलं. "आजोबा, आम्ही डोळ्यांनी पाहिला की त्याला. तिच्यावर बसला होता."

त्याच्या सोबत्यांत मेओली नावाचा एक तिखट जिभेचा होता. तो म्हणाला, "यांना नाव मिळून झालं. आता आपली पाळी आली, तर यांना तरसं आठवली."

म्हाताऱ्यानं सुरी गवताला पुसली.

"मीही डोळ्यांनीच पाहिला होता," तो म्हणाला. "सिंह बसलेला दिसला की आपल्यात कुणी मान बघतो का? मीही नाही बघितली. दोन दिवसांनी आई त्या बैलाचं कातडं ताणून खुंट्या ठोकत होती. तिनं मला हाक मारली. म्हणाली, मानेला एक भोक नाही रे, मागचा भाग मात्र चाळण झालाय. मग म्हणाली, तू पाहिलंस, मी पाहिलं, झालं. आणि गेली दूध काढायला."

"पण तो सिंह तर पळाला नाही," कासाइने म्हणाला. "गाण्यात आहे ना तसं."

"कसा पळणार? रात्रभर तरसांशी झुंजला होता. कान फाटलेला, पुढचा पाय उचलून धरलेला. त्याच्यानं पळवेना, म्हणून तो उभा राहिला. मला तेव्हाच दिसलं होतं, लेकरा. दमलेल्या, लंगड्या सिंहाला मारलं मी. आमच्या बैलाला त्यानं दातही लावला नव्हता."

झुडपात काहीतरी हललं. सातही जणांनी तिकडे पाहिलं. कासाइनेनं भाला उचलला, हातात तोलला, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं तो बाभळीला टेकवून ठेवला आणि खाली बसून गायीचं कातडं सोडवायला लागला. मेओली काहीतरी पुटपुटला, पण तोही बसला.

म्हातारा एकटाच परत निघाला. त्याला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं. सवयीनं गाण्याची पहिली ओळ ओठांवर आली, पण पुढची काही म्हणवेना.

"मिंगाती," मागून मेओलीनं हाक मारली, "तुमची काठी राहिली."

म्हातारा चालत राहिला. हाक दुसऱ्याच कुणाला मारली असेल, असं त्याला वाटलं.