हरवलेला 'नाई'

मी एक जुना वायरलेस आहे आणि मित्रांनो, आधीच सांगतो, माझ्या तोंडाशी येऊन ओरडू नका. ओरडलात की माझं काय होतं, ते ऐका.

माझी लहर एका ठरलेल्या जागी उभी असते. माणूस बोलला की ती अलीकडे-पलीकडे सरकते. हळू बोललं तर थोडी, जोरात बोललं तर जास्त. जाणकार याला डेव्हिएशन म्हणतात. माझ्या तरुणपणी लहरीला सरकायला वाट रुंद होती, कितीही सरकलं तरी चालायचं. मग नवे संच आले, त्यांची वाट अरुंद. ऊर्जानगरच्या वामनराव मेकॅनिकांनी स्क्रू फिरवून मला आवरतं घ्यायला लावलं. "सालातून एकदा आणत जा याले," असं बजावलंही. तीन वर्षं कोणी नेलं नाही. मी पुन्हा सैलावलो आणि तेव्हापासून माझ्या जीवाला चैन नाही.

पोंभुर्ण्याकडच्या जंगलात मी वनमजूर दादाजीभाऊंच्या कमरेला असतो. मोहफुलांचे दिवस होते. सकाळी बाया फुलं वेचायला निघत, त्यांत भाऊंची बायको गोकुळाबाईही असे. नाक्यावरच्या वनरक्षक दीपाली मॅडम आधी आपल्या संचावरून भाऊंना विचारत आणि मगच बायांना वाट सांगत.

त्या दिवशी भाऊंना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाघिणीचे ताजे ठसे दिसले. भाऊ माझ्यात ओरडले, "पाळीवरची वाट बरी नाई!" सगळा जोर शेवटच्या शब्दावर. माझी लहर इतकी सरकली की मॅडमच्या संचात मावलीच नाही. 'नाई'ची नुसती खरखर झाली.

"बरी हाय ना? ठीक आहे भाऊ, बायांले पाळीवरूनच पाठवलं," मॅडमचा आवाज आला.

"नाई! नाई!" भाऊ जीव खाऊन ओरडत होते आणि मी त्यांचा एकेक शब्द फाडून टाकत होतो. माझी मलाच लाज वाटत होती.

"भाऊ, काईच समजून नाई राह्यलं!"

इतक्यात शेजारच्या झुडपातून गुरगुर आली. भाऊ जागीच खाली बसले. माझ्या जाळीला ओठ लावून ते पुटपुटले, "मॅडम, वाघीण पाळीवर हाय. बायांले फिरवा."

अक्षर न् अक्षर पोचलं. मॅडमनी गाडी दामटली आणि पाळीच्या तोंडाशीच बायांना गाठून मागे फिरवलं. वाघीणही आपल्या वाटेने निघून गेली.

घरी गोकुळाबाई म्हणाली, "लग्नाले तीस वर्सं झाले. पैल्यांदा हळू बोलले, म्हून वाचलो."

भाऊ आता माझ्याशी हळूच बोलतात. स्क्रू मात्र तसाच सैल आहे. उद्या मी दुसऱ्या कोणाच्या हाती असेन आणि घाबरलेला माणूस ओरडणारच, त्यात त्याचा काय दोष? म्हणून विनवतो मित्रांनो, मला वामनरावांकडे न्या. वाघीण जवळ येईपर्यंत थांबू नका.